उसना रेनकोट

जुन्या पत्रांच्या मायन्यात एक वाक्य ठरलेले असे. येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत असावे, असे मोडीच्या वळणाच्या अक्षरांत लिहिल्यावाचून पत्राला आरंभच होत नसे. घरापासून दूर, परप्रांती नोकरीधंद्यासाठी गेलेल्या कोणा वडीलधाऱ्याची पत्रे आपल्या घरी एखाद्या ट्रंकेत जपून ठेवलेली असतील, तर ती एकदा काढून वाचावीत. ज्या दिवशी लिहिणाऱ्याच्या खिशात खोलीच्या भाड्याचे पैसे नव्हते, ज्या दिवशी नोकरीवरून कमी केल्याची चिठ्ठी हाती पडली होती, त्याही दिवशीच्या पत्रात क्षेमच लिहिलेले आढळेल. आता पत्रे गेली आणि त्यांच्या जागी दूरध्वनी आला. ‘सगळे ठीक आहे’ हे शब्द मात्र तेच राहिले. हे शब्द पुष्कळदा खोटे असतात, हे बोलणाराही जाणतो आणि ऐकणाराही. तरी या खोट्याला फसवणूक म्हणावयास आपली जीभ सहसा रेटत नाही.

या खोट्याचे मोल काय आणि त्याची किंमत कोण मोजतो, असा प्रश्न मनात उभा करणारा एक हिंदी चित्रपट 2004 साली येऊन गेला. त्याचे नाव ‘रेनकोट’. त्याचे लेखक-दिग्दर्शक होते बंगालीतील ख्यातनाम चित्रकार ऋतुपर्ण घोष. (चित्रकार हा शब्द येथे पडद्यावरील चित्रे रचणारा या अर्थी योजला आहे.) घोष यांचा जन्म 1963 सालचा. 1994 च्या ‘उनिशे एप्रिल’ या चित्रपटास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि त्यांचे नाव बंगालबाहेर पोहोचले. ‘रेनकोट’ हा त्यांचा पहिला हिंदी चित्रपट. वयाच्या पन्नाशीआधीच, मे 2013 मध्ये, ते निवर्तले.

या चित्रपटात दोन नावाजलेले तारे आहेत, अजय देवगण आणि ऐश्वर्या राय. पण ही नावे वाचून आपण नृत्ये, परदेशचे देखावे व मारामाऱ्या यांची अपेक्षा धरून बसाल, तर निराश व्हाल. मुंबईच्या चाकोरीबाहेरचा, कोलकात्यात घडलेला हा स्वतंत्र वाटेचा चित्रपट आहे. त्याचा बहुतेक भाग एका जुन्या घराच्या अंधाऱ्या खोलीत, पावसाळी दुपारी, दोन माणसांच्या संभाषणात सरतो. 2004 सालच्या उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले.

कथा थोडक्यात सांगतो. तिचा शेवटही सांगावा लागेल, कारण त्यावाचून मला जे म्हणावयाचे आहे ते म्हणता येणार नाही. ज्यांना चित्रपट प्रथम पाहावयाचा असेल, त्यांनी हा लेख बाजूस ठेवून मागाहून वाचावा.

मनोज ऊर्फ मन्नू हा बिहारमधील भागलपूरचा तरुण. त्याची नोकरी गेली आहे. स्वतःचा काही लहानसा धंदा काढावा, अशी त्याची उमेद आहे. पण भांडवल नाही. म्हणून तो कोलकात्यास येतो. शाळेतील जुने सोबती तेथे आता बऱ्या स्थितीत आहेत. त्यांच्या दारी जाऊन मदत मागावयाची, हा त्याचा बेत. एका मित्राच्या घरी तो उतरतो. मित्राची पत्नी शीला समंजस आहे. तिच्या डोळ्यांतून पाहुण्याची अवस्था सुटत नाही. पण पाहिले ते बोलून दाखवण्याची तिला घाई नाही.

याच शहरात नीरजा राहते. मन्नू तिला नीरू म्हणतो. एके काळी या दोघांचे लग्न व्हावयाचे, असे मन्नूच्या मनाने घेतले होते. पण कोलकात्याच्या श्रीमंत म्हणवणाऱ्या स्थळाशी तिचे लग्न झाले आणि ती निघून गेली. मन्नूच्या मनातील ती जागा रिकामीच राहिली. एवढ्या वर्षांनी तो तिला भेटावयास निघतो. बाहेर धो धो पाऊस पडत आहे. अंगावर मित्राचा रेनकोट आहे. कोट उसना, खिशातले पैसे मागून आणलेले, अशा स्थितीत तो तिच्या दारावर थाप मारतो.

दार लवकर उघडत नाही. उघडते तेव्हा आत मोठमोठे जुने सामान दाटीने मांडलेले दिसते, आणि सर्व खिडक्या बंद. नीरू बोलू लागते. यजमान कामानिमित्त सदा परदेशी असतात, घरात कशाची वाण नाही, नोकरचाकर आहेत पण या क्षणी बाहेर गेले आहेत, असे ती सांगते. मन्नूही मागे राहत नाही. आपण दूरदर्शनवरील मालिका तयार करण्याच्या धंद्यात आहोत, उत्तम चालले आहे, असे तो सांगतो. दोघेही एकमेकांस फसवीत आहेत. मौज अशी, की पाहणाऱ्याला दोघांची थाप हळूहळू कळू लागते, आणि तरी हसू येत नाही. उलट, एखाद्याचे वस्त्र फाटलेले दिसले म्हणजे आपण नजर वळवतो, तसे काहीसे वाटते.

पुढे नीरू पाहुण्यासाठी खावयास काही आणावे म्हणून बाहेर जाते. पाऊस थांबलेला नसतो, म्हणून मन्नूचा रेनकोट ती अंगावर घेते. तो घरात एकटा असताना एक गृहस्थ आत शिरतो. तो निघतो घरमालक. त्याच्या तोंडून मन्नूला सारे कळते. नीरूचा नवरा लबाड आहे, भाडे कित्येक महिने थकले आहे, नीरूने सांगितलेले ऐश्वर्य कोठेच नाही. बंद खिडक्यांचे कारण आता उमगते. धंद्यासाठी दारोदार मागून आणलेले पैसे मन्नू काढतो आणि थकलेल्या भाड्यापोटी घरमालकाच्या हाती ठेवतो. नीरू परत येते. तो तिला काही सांगत नाही. थोडा वेळ पुन्हा त्याच गोड थापा चालतात आणि तो निरोप घेतो.

रात्री मित्राच्या घरी रेनकोटाच्या खिशातून नीरूचे सोन्याचे दागिने आणि एक चिठ्ठी निघते. रेनकोट घालून ती बाहेर गेली, तेव्हा त्याच खिशात तिला मन्नूची खरी परिस्थिती सांगणारा कागद सापडला होता. तिला कळले होते आणि तीही बोलली नव्हती. जे तिच्याजवळ उरले होते, ते तिने त्याच्या खिशात घातले होते.

इंग्रजी कथांचे वाचक येथे लगेच ओळखतील, की या चित्रपटाचे बीज ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाच्या 1905 सालच्या प्रसिद्ध नाताळकथेत आहे. त्या कथेतील डेला आणि जिम हे न्यूयॉर्कमधील गरीब जोडपे. डेलाजवळ अवघे 1 डॉलर 87 सेंट शिल्लक असतात. नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेता यावी म्हणून ती आपले लांब सुंदर केस विकते. इकडे जिमने तिच्या केसांसाठी कासवाच्या पाठीचे कंगवे घेण्याकरिता ते घड्याळच विकलेले असते. दोन्ही भेटी निरुपयोगी ठरतात, आणि म्हणूनच त्या अमोल ठरतात.

ऋतुपर्ण घोष यांनी या बीजाला दिलेले वळण मात्र मुळीच अनुवादाचे नाही. डेला आणि जिम एकमेकांपासून भेटवस्तू लपवतात, दारिद्र्य लपवीत नाहीत. ते दोघे एकाच घरात राहतात. एकाच फाटक्या गालिच्यावर दोघांचे पाय असतात. मन्नू आणि नीरू नेमके दारिद्र्यच लपवतात. दुसरा भेद त्याहून मोठा आहे. ओ. हेन्रीच्या कथेत भेटी वाया जातात आणि माणसे एकमेकांस मिळतात. ‘रेनकोट’मध्ये भेटी वाया जात नाहीत. भाड्याचा भार हलका होतो, दागिन्यांचे भांडवल होऊ शकते. माणसे मात्र एकमेकांस मिळत नाहीत. डेला व जिम संध्याकाळी एका टेबलाशी बसतात. मन्नू शहराच्या एका टोकाला आणि नीरू दुसऱ्या टोकाला आपापल्या जागी एकटीच राहतात. मला वाटते, या चित्रपटाचे सारे म्हणणे या एका भेदात आहे.

अनुवादाचे काम करणाऱ्यास एका शब्दाने या चित्रपटात विशेष अडवले. चित्रपटातील गीतांपैकी एकात ‘अभिमान’ हा शब्द येतो. ही गीते स्वतः घोष यांनी व्रजभाषेच्या वळणाने लिहिलेली आहेत, आणि संगीत देवज्योती मिश्र यांचे आहे. शुभा मुद्गल यांचा भरदार स्वर पावसाच्या आवाजात मिसळून जातो. एका गीतात कवी मथुरेच्या राजाला विचारतो, की सिंहासन सोडून तू गोकुळाची वाट का धरतोस? मन्नूजवळ ना मथुरा ना सिंहासन, तरी तो गोकुळ शोधावयास निघाला आहे, हे ध्यानी आले म्हणजे त्या गीताचा घाव खोल बसतो.

तर हा ‘अभिमान’. मराठीत आपण हा शब्द सरळ गर्वाच्या किंवा सार्थ गौरवाच्या अर्थी वापरतो. देशाचा अभिमान, भाषेचा अभिमान, असे आपण म्हणतो. बंगालीत त्याची छटा निराळी आहे. जिव्हाळ्याच्या माणसाकडून मन दुखावले असता जो अबोल रुसवा येतो, ज्यात मान आणि माया दोन्ही असतात, त्याला बंगाली माणूस अभिमान म्हणतो. परक्यावर राग धरता येतो, अभिमान धरता येत नाही. तो आपल्याच माणसावर धरावयाचा असतो. मराठीत याला नेमका एक शब्द नाही. रुसवा म्हटले तर तो लटका वाटतो, मानीपणा म्हटले तर त्यातली माया गळून जाते.

हा अर्थ मनात ठेवून पाहिले, की मन्नू आणि नीरू यांच्या थापांना निराळा उजेड मिळतो. ही माणसे ऐट मिरवण्यासाठी खोटे बोलत नाहीत. घरमालकापुढे, सावकारापुढे, मदत मागताना जुन्या सोबत्यांपुढे त्यांना खरे बोलावेच लागते. तेथे लपवण्यास जागा नाही. एका माणसापुढे मात्र आपण हरलेले दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. ज्याच्या प्रेमाची आस होती, त्याच्याकडून दया घ्यावी लागू नये, म्हणून हा सारा खटाटोप.

आणि त्या खटाटोपाला एक फळही येते, हे नाकबूल करता येत नाही. नीरूने आपली दशा उघड सांगितली असती, तर मन्नूने पैसे देऊ केले असते, आणि तिने ते घेतले नसते. मन्नूने सांगितली असती, तर तिच्या दागिन्यांना त्याने हात लावला नसता. खोट्याच्या आडोशाने दोघांना देता आले, आणि घेणाऱ्यास देण्याच्या वेळी मान खाली घालावी लागली नाही. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या चित्रपटात ती मूठ दोन्ही बाजूंनी झाकलेली आहे आणि दोन्ही मुठींत खरोखरच काही द्यावयाचे आहे.

पण याची किंमतही चित्रपट लपवीत नाही. दोघांना एकमेकांचे सत्य कळते, ते तिसऱ्याच्या तोंडून किंवा खिशातील कागदावरून. समोरासमोर बसलेले असताना, बोलावयास सारी दुपार मोकळी असताना, ते सत्य एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जात नाही. पैसा पोहोचतो, दागिने पोहोचतात, शब्द पोहोचत नाहीत. भाडे भरले गेले, तरी नीरू उद्या त्याच बंद खोलीत एकटी उठणार आहे, आणि कोणापाशी मन मोकळे करावे हा तिचा प्रश्न कालच्या इतकाच शिल्लक आहे.

जुन्या ओळखीच्या दोन माणसांची आडवाटेवर गाठ घालून देणे, ही बंगाली कथाकारांची आवडती रीत दिसते. 1965 सालच्या ‘कापुरुष’ या चित्रपटात सत्यजित राय यांनी एका पटकथालेखकाची मोटार वाटेत बिघडवली आणि त्याला एका चहामळेवाल्याच्या घरी पाहुणा म्हणून नेले. त्या घरची गृहिणी निघाली त्याची पूर्वीची प्रेयसी. तो लेखक वेळेवर धीर करू शकला नव्हता, आणि दुसऱ्यांदाही त्याला तो धीर फळत नाही. सुबोध घोष यांच्या ‘जतुगृह’ या कथेत विभक्त झालेले पतिपत्नी रेल्वेच्या प्रतीक्षालयात भेटतात. त्या कथेवर तपन सिंह यांनी 1964 मध्ये बंगाली चित्रपट केला, आणि गुलजार यांनी 1987 मध्ये ‘इजाज़त’ हा हिंदी चित्रपट. या चित्रपटांतील माणसे उशिरा का होईना, खरे बोलतात. ‘रेनकोट’मधील दोघे ते करीत नाहीत. ती भेटतात खोट्याच्या पडद्याआडून, आणि तरी त्यांची भेट या सर्वांत अधिक निकटची वाटते, हे ऋतुपर्ण घोष यांचे कौशल्य.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. संभाषणाची गती संथ आहे, आणि ज्यांना पडद्यावर सतत काही घडावेसे वाटते त्यांना मधला भाग लांबल्यासारखा वाटेल. घरमालक नेमक्या त्याच वेळी यावा, हा योगायोगही थोडा सोयीचा आहे. मात्र अन्नू कपूर यांनी ती भूमिका अशी केली आहे, की योगायोगाचा विसर पडतो. लोचट, कंटाळवाणा, थोडा दुष्ट आणि थोडा दुःखी असा हा इसम क्षणभरात आपल्या परिचयाचा होतो. अभीक मुखोपाध्याय यांच्या छायाचित्रणाने खोलीतील ओल, धूळ आणि खिडक्यांच्या फटींतून येणारा पावसाळी उजेड यांना जवळजवळ पात्राचे स्थान दिले आहे. ऐश्वर्या राय यांचे सौंदर्य येथे मळलेले, थकलेले दिसते, आणि अजय देवगण यांचे अबोल डोळे त्यांच्या संवादांहून पुष्कळ बोलतात.

वाचकहो, हा चित्रपट पाहून झाल्यावर मनात जी रुखरुख राहते, ती पडद्यावरील दोघांसाठी नसते. ती आपल्या घरातल्या, आपल्या ओळखीतल्या कोणासाठी तरी असते. आपल्या वाचकांपैकी कितीतरी कुटुंबे आपल्या गावापासून दूर, निराळ्या भाषेच्या प्रदेशात राहतात. मोठ्या शहरात नशीब काढावयास गेलेला मुलगा, सासरी दूर गेलेली मुलगी, धंद्यात खोट आलेला भाऊ, हे सर्व आपणांस ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत असतात. घरोघरी मातीच्या चुली असल्या, तरी प्रत्येकाला वाटते की आपली तेवढी फुटकी, इतरांच्या साऱ्या धड. सणासमारंभाला सारे जमले, की कोणाची नोकरी केवढी, कोणाचे घर केवढे, याच गोष्टी निघतात. मन्नूची थाप अशाच बैठकीत जन्मास येते. जो हरलेला आहे, त्याला तेथे बसावयास जागाच ठेवलेली नसते.

अशा माणसाला ‘खरे सांग’ म्हणून दटावण्यात अर्थ नाही. त्याची मूठ बळाने उघडली, तर त्यातले मोल निघून जाते आणि हाती लज्जा तेवढी येते. घरमालकाने सत्यच सांगितले. पण त्याच्या सत्यात माया नव्हती, म्हणून ते चहाडीसारखे वाटते. उलट शीलेने पाहिले ते मनात ठेवले, आणि पाहुण्याचा मान राहू दिला. या दोहोंच्या मधली वाट आपणांस शोधावयाची आहे.

ती वाट मला वाटते अशी असावी. दुसऱ्याने आपले उणे सांगावे असे वाटत असेल, तर प्रथम आपण आपले सांगावे. त्या खोलीत दोघांपैकी एकाने जरी म्हटले असते, की माझे काही बरे चाललेले नाही, तर दुसऱ्याची थाप त्याच क्षणी गळून पडली असती. कोणीतरी पहिला असावा लागतो. मन्नू आणि नीरू या दोघांनीही आपली उरलीसुरली पुंजी देऊन टाकली, पण हे एवढे वाक्य दोघांनाही देता आले नाही.

आज रात्री परगावी असलेल्या आपल्या माणसाशी दूरध्वनीवर बोलाल, तेव्हा तिकडची खुशाली विचारण्याआधी इकडची एखादी खरी अडचण सांगून पाहा. छतातून गळणारे पाणी असो, रेंगाळलेले दुखणे असो, मुलाचे हुकलेले वर्ष असो. ऐकणारा थोडा वेळ गप्प राहील. त्याने गप्प राहावे. पुढे कदाचित तोही बोलू लागेल.